फेकावयाचें बाळोतें

एकदां वापरून फेकावयाचें बाळोतें हें सुखवस्तु समाजाच्या आळसाचें अपत्य होय, असा समज आढळतो. इतिहास निराळें सांगतो. दुसऱ्या महायुद्धांत कापसाचा तुटवडा पडला, तेव्हां स्वीडनमधील एका कागदगिरणीनें बाळोत्यांसाठीं लगद्याच्या कागदाच्या घड्या काढल्या. पुढें इंग्लंडांत व्हॅलेरी हंटर गॉर्डन या गृहिणीनें, धुण्याच्या कष्टांस कंटाळून, पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवली व तींत लगद्याची घडी बसविली. १९४९ सालीं ती ‘पॅडी’ या नांवानें बाजारांत आली. फेकावयाची ती केवळ घडी. चड्डी पुन्हा वापरीत. बाळोत्यालाच जोडलेलें प्लास्टिक व ओल शोषणारें रासायनिक चूर्ण ही भर मागाहूनची.

म्हणूनच ‘निसर्गस्नेही’ बाळोतें निवडतांना, आमच्या मतें, त्याचा किती भाग फेकला जातो तें प्रथम पाहावें. वरचें वस्त्र बांबूचें असलें, तरी आंत तेंच चूर्ण व बाहेर प्लास्टिक असल्यास पालटलें तें केवळ नांव. शिवाय कुजणारा जिन्नसही कचऱ्याच्या दडपलेल्या ढिगांत, हवेअभावीं, नीट कुजत नाहीं. कापडही आपोआप निर्दोष ठरत नाहीं. इंग्लंडांतील २००८ च्या सरकारी अहवालांत धुण्याची रीतच निर्णायक ठरली: दोरीवर वाळवून दुसऱ्या अपत्यासही वापरलें, तर कापडाचा भार बराच घटतो, यंत्रांत वाळविल्यास तो लाभ उरत नाहीं.

आपल्याकडे पावसाळा सोडल्यास ऊन मुबलक. तेव्हां कापडच श्रेयस्कर. मात्र त्या इंग्रज गृहिणीची तक्रार विसरतां कामा नये. धुण्याचा वांटा घरांतील पुरुषांनींही उचलावा. एरव्हीं निसर्गावरील ओझें उतरवून आपण तें आईच्या मनगटांवर ठेवूं.