पहिले पाच कोण? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील हंगामारंभीच्या चर्चेचा इतिहास

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम आज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला राष्ट्रीय अंतिम सामन्याने संपतो. पहिले सात-आठ आठवडे बहुतेक संघ आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या, म्हणजे नेहमीच्या साखळीबाहेरच्या, प्रतिस्पर्ध्यांशी खेळतात. काही सामने मोठ्या विद्यापीठांनी पैसे मोजून बोलावलेल्या लहान संघांशी असतात, तर काही सुट्टीतल्या स्पर्धांमधले. संघ खरोखर किती पाण्यात आहे आणि सुरुवातीच्या पाच जणांत कोणाला घ्यावे, हे दोन प्रश्न या काळात चाहत्यांमध्ये हिरिरीने चर्चिले जातात. चर्चेची ही प्रथा एका दिवसात रुजली नाही. खेळाडू बदलण्याचे नियम, क्रमवारी, राष्ट्रीय स्पर्धेची प्रवेशपद्धत आणि खेळाडूंची पात्रता जसजशी बदलत गेली, तसतसा तिचा आवाका वाढत गेला.

खेळाच्या आरंभी संघनिवडीवर वाद घालण्यास फारसा वाव नव्हता. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधला, तेव्हा त्यांच्या वर्गात 18 विद्यार्थी होते, म्हणून प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू उतरले. शिकागो आणि आयोवा या विद्यापीठांमध्ये 18 जानेवारी 1896 रोजी झालेला सामना पाच-पाच खेळाडूंचा होता. शिकागोने तो 15-12 असा जिंकला. पुढच्या वर्षापर्यंत पाच हा आकडा पक्का झाला.

या पाच जणांनाच बहुधा अखेरपर्यंत खेळावे लागे. 1920 पर्यंत एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. 1920-21 च्या हंगामापासून त्याला एकदा आणि 1933-34 पासून दोनदा परतण्याची मुभा मिळाली. प्रशिक्षकाचे हातही बांधलेले होते. 1910-11 च्या हंगामात सामना चालू असताना बाहेरून सूचना देण्यास बंदी घालण्यात आली, आणि टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची परवानगी प्रशिक्षकांना थेट 1948-49 मध्ये मिळाली. त्यामुळे पराभवानंतर प्रशिक्षकाने अमक्याला लवकर का काढले नाही, असे विचारण्यात अर्थ नव्हता. खरा बदल झाला तो 1944-45 मध्ये, जेव्हा खेळाडू कितीही वेळा बदलण्यावरचे बंधन उठले. बाकावर बसलेले खेळाडू तेव्हापासून डावपेचांचा भाग बनले आणि किती जणांना आलटून पालटून खेळवायचे, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला थोर प्रशिक्षकांनी दिलेली उत्तरे वेगवेगळी होती. यूसीएलएचे जॉन वूडन सात-आठ खेळाडूंवरच भिस्त ठेवत. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांच्याकडे दमलेला खेळाडू मूठ उंचावून स्वतःच बदली मागू शके, आणि ‘ब्लू टीम’ म्हणून ओळखली जाणारी राखीव पाच जणांची तुकडी ते थोड्या वेळासाठी एकदम मैदानात उतरवत. कमी जणांना खेळवले की मेळ लवकर जमतो, अधिक जणांना खेळवले की दम टिकतो आणि नवोदित तयार होतात. नोव्हेंबरमधल्या वादाचा गाभा आजही हाच आहे.

स्थानिक चर्चा राष्ट्रीय होण्यास न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन कारण ठरले. वृत्तपत्रातून आयोजनाकडे वळलेल्या नेड आयरिश यांनी 29 डिसेंबर 1934 रोजी तेथे एकाच संध्याकाळी कॉलेज संघांचे दोन सामने भरवले आणि 16,000 हून अधिक प्रेक्षक जमले. त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतले संघ डिसेंबरमध्ये तेथे भिडू लागले. 30 डिसेंबर 1936 रोजी स्टॅनफर्डने लाँग आयलंड विद्यापीठाचा 45-31 असा पराभव करून त्यांची सलग 43 विजयांची मालिका खंडित केली. स्टॅनफर्डच्या हँक लुइसेट्टीची एका हाताने चेंडू टाकण्याची शैली पूर्वेकडच्या प्रेक्षकांना नवी होती. दूरच्या प्रदेशातला खेळ आपल्याहून सरस असू शकतो, हे हंगामाच्या पूर्वार्धातच दिसू लागले.

मग तुलनेसाठी सर्वमान्य मोजमाप हवे होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी 1949 मध्ये क्रीडापत्रकारांच्या मतांवर आधारलेली क्रमवारी सुरू केली. तिच्या पहिल्या यादीत सेंट लुइस विद्यापीठ अव्वल होते. सुरुवातीची काही वर्षे क्रम लागत होता तो खेळ पाहून. 1961-62 पासून मात्र हंगामाआधीच क्रमवारी जाहीर होऊ लागली आणि सुरुवातीच्या सामन्यांचा अर्थच बदलला. एकही सामना झालेला नसताना संघाच्या नावापुढे आकडा लागला, आणि पुढचा प्रत्येक निकाल त्या आकड्याशी ताडून पाहिला जाऊ लागला.

असा आकडा किती फसवा ठरू शकतो, हे 1965 मध्येच दिसले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नव्हती. त्यांचा वेगळा संघ असे. 27 नोव्हेंबर 1965 रोजी लॉस एंजेलिसच्या नव्या पॉली पॅव्हिलियनमध्ये यूसीएलएच्या मुख्य संघाची गाठ आपल्याच नवागतांशी पडली. मुख्य संघ सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता आणि हंगामपूर्व क्रमवारीत पहिला होता. नवागतांनी तो सामना 75-60 असा जिंकला. त्यांच्या ल्यू अल्सिंडरने, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारने, 31 गुण नोंदवले. मुख्य संघाने तो हंगाम 18 विजय आणि 8 पराभवांवर संपवला आणि राष्ट्रीय स्पर्धेतही त्याला स्थान मिळाले नाही. पुढच्या वर्षी अल्सिंडर पात्र ठरला, मुख्य संघाच्या पहिल्याच सामन्यात त्याने 56 गुण केले आणि यूसीएलए 30 सामने अपराजित राहून विजेता झाला.

1972-73 पासून पहिल्या वर्षाचे खेळाडू सर्वत्र पात्र ठरले. अनुभवी सीनियर की गुणी नवागत, हा वाद तेव्हापासून दर हंगामाच्या तोंडावर निघतो. मिशिगनने 1991-92 मध्ये पाच नामांकित नवागत घेतले, पण हे पाचही जण एकत्र सुरुवातीच्या पाचांत उतरले ते 9 फेब्रुवारी 1992 रोजी, नोटर डेमविरुद्ध. तोवर त्यांना हळूहळूच पुढे आणले जात होते. त्याच हंगामात ते राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

सुरुवातीच्या निकालांना व्यवहारात वजन आले ते राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशपद्धतीमुळे. 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत 1974 पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ जाऊ शके. त्या वर्षी मेरीलँड देशातल्या उत्तम संघांपैकी एक असूनही नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात 103-100 असे हरले आणि बाहेर राहिले. अशा व्यवस्थेत डिसेंबरमधल्या विजयाने मोठासा लाभ होत नसे. 1975 मध्ये स्पर्धा 32 संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेता येऊ लागले. 1985 मध्ये संघांची संख्या 64 झाली. आता निवड समितीला निरनिराळ्या कॉन्फरन्समधल्या संघांची तुलना करावी लागे, आणि तिला आधार होता तो मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरच्या सामन्यांचा. प्रतिस्पर्ध्यांचे बळ मोजणारी आरपीआय ही पद्धत 1981 पासून आणि तिच्या जागी आलेली नेट ही पद्धत 2018-19 पासून वापरात आहे. नेटची पहिली यादी नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झाली, तेव्हा ओहायो स्टेट पहिले होते. मार्चमध्ये त्या संघाला आपल्या गटात अकरावे मानांकन मिळाले. मूठभर सामन्यांवर बेतलेले गणितही पत्रकारांच्या अंदाजाइतकेच डळमळीत असते. म्हणूनच केन पोमरॉय यांच्या प्रसिद्ध क्रमवारीत सुरुवातीला हंगामपूर्व अंदाजाला वजन दिले जाते आणि सामने होत जातील तसे ते कमी केले जाते.

हंगामारंभाचे सोहळेही याच काळात वाढले. मेरीलँडचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल यांनी 15 ऑक्टोबर 1971 रोजी, सरावाला परवानगी असलेल्या पहिल्याच दिवशी, मध्यरात्र उलटताच खेळाडूंना धावायला लावले. त्यातून मध्यरात्रीच्या जाहीर सरावाची प्रथा देशभर पसरली. 23 डिसेंबर 1982 रोजी होनोलुलूत चॅमिनाड या लहानशा कॉलेजने अव्वल क्रमांकाच्या व्हर्जिनियाला 77-72 असे हरवले. त्या सामन्याच्या प्रसिद्धीतून 1984 मध्ये माउई इन्व्हिटेशनल ही नोव्हेंबरमधली स्पर्धा उभी राहिली. 2010 मध्ये हंगामपूर्व यादीत नसलेल्या कनेक्टिकटने ती जिंकली आणि एप्रिल 2011 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. मधल्या काळात आपल्या कॉन्फरन्समध्ये मात्र त्यांचे नऊ विजय आणि नऊ पराभव झाले होते.

एनबीए या व्यावसायिक साखळीने 2006 च्या खेळाडू-निवडीपासून शाळेतून थेट येणाऱ्यांना दार बंद केले. तेव्हा उत्तमोत्तम खेळाडू एका वर्षापुरते कॉलेजात येऊ लागले आणि दर नोव्हेंबरला संघ नव्याने जुळवणे आले. केंटकीमध्ये हे ठळकपणे दिसले. 2013-14 मध्ये हंगामाआधी पहिला असलेला त्यांचा संघ अडखळत आठव्या मानांकनापर्यंत घसरला, तरी अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढच्या हंगामात प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके गुणी खेळाडू होते की त्यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आळीपाळीने उतरवल्या. 18 नोव्हेंबर 2014 रोजी त्यांनी कॅन्ससला 72-40 असे चिरडले. डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स पॉयथ्रेस जखमी झाल्यावर ही योजना मोडीत निघाली. संघ मात्र सलग 38 सामने जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. 2021 पासून विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला पहिल्या वेळी लगेच खेळता येऊ लागले. त्यामुळे आता नवागतांबरोबर इतर संघांतून आलेले अनुभवी खेळाडूही दर वर्षी सामावून घ्यावे लागतात.

या इतिहासावरून सुरुवातीच्या निकालांची किंमत बरीचशी ठरवता येते. एखादा निकाल जवळजवळ काहीच सांगत नाही. 12 नोव्हेंबर 2019 रोजी इव्हान्सव्हिलने अव्वल केंटकीला त्यांच्याच मैदानावर 67-64 असे हरवले आणि नंतर आपल्या कॉन्फरन्समधले सर्व 18 सामने गमावले. हंगामपूर्व क्रमांकही हमी देत नाही. 2022-23 मध्ये पहिल्या क्रमांकाने सुरुवात करणारे नॉर्थ कॅरोलायना राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलेच नाही. 1985 नंतर असे प्रथमच घडले. कोणता खेळाडू कोणाबरोबर जुळतो, बाकावरच्या कोणावर प्रशिक्षकाचा विश्वास बसतो आहे आणि बचाव सामन्यागणिक सुधारतो आहे की नाही, एवढे मात्र त्या आठवड्यांत पाहता येते. हंगामारंभीच्या सामन्यांतून संघाची घडण वाचावी. त्याचा दर्जा ठरवायला कॉन्फरन्सचे सामने सुरू होईपर्यंत थांबावे.