विज्ञानकादंबरीच्या तळघरात कोण राहते?

विज्ञानकादंबरी हे पोट भरलेल्यांचे वाचन आहे, असे चळवळीतल्या अनेकांना वाटते. रॉकेट, यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी; यात आपल्या माणसाचे काय आहे? अभ्यासवर्गात आम्ही वेल्सचे नाव काढले की ज्येष्ठ कार्यकर्ते हसतात आणि तरुण पोरे ‘सिनेमा पाहिलाय’ म्हणून विषय संपवतात. पण एक साधी गोष्ट विचारात घ्या. १८९५ सालची ‘द टाइम मशीन’ आणि १९३२ सालची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आजही छापली जाते, वाचली जाते. त्यांतले विज्ञान केव्हाच जुने झाले. वेल्सचे यंत्र कसे चालते हे वेल्सलाही सांगता आलेले नाही. स्फटिकाचा दांडा आणि सायकलसारखे खोगीर एवढेच काय ते वर्णन. मग शंभर-सव्वाशे वर्षे टिकले ते काय? आमचे म्हणणे असे की टिकले ते तळघर. या कादंबऱ्यांत वर सुखी समाज असतो आणि त्या सुखाचा भार वाहणारे कुणीतरी खाली असते. हे खालचे लोक जोवर जगात आहेत, तोवर ही पुस्तके जुनी होणार नाहीत.

हे तळघर वेल्सने कुठून आणले, हे पाहण्यासारखे आहे. एच. जी. वेल्सचा जन्म १८६६ चा. बाप आधी माळी, मग न चालणाऱ्या दुकानाचा मालक. आई सारा ही मोलकरीण. १८८० मध्ये ती ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या जमीनदारी वाड्यात नोकरांवरची मुख्य म्हणून परत कामाला लागली आणि पोरगाही अधूनमधून तिच्याकडे राहू लागला. या वाड्यात स्वयंपाकघर आणि तबेले वाड्यापासून वेगळे आहेत आणि ते जोडलेले आहेत जमिनीखालच्या भुयारांनी. नोकरांची ये-जा मालकांच्या डोळ्यांवर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. भुयारात उजेड आणि हवा यावी म्हणून वर झरोके ठेवलेले. वरच्या हिरवळीवर पाहुणे फिरत असत आणि त्यांच्या पायाखालून जेवणाची ताटे जात असत. विटाळाचा शब्द न उच्चारता विटाळ कसा बांधकामात उतरवता येतो, याचा हा इंग्लिश नमुना म्हणायला हरकत नाही.

हाच पोरगा पुढे कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून रोज तेरा-तेरा तास राबला, तिथून पळाला, आणि १८८४ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात पोचला. आठवड्याला एक गिनी. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांत महिना काढणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हेन्री हक्सले, डार्विनचे खंदे समर्थक. हे नाव लक्षात ठेवा.

‘टाइम मशीन’चा प्रवासी इसवी सन ८०२७०१ मध्ये जातो. जमिनीवर इलॉय नावाची नाजूक, देखणी, निरुद्योगी माणसे फळे खाऊन आनंदात जगत आहेत. जमिनीत विहिरींसारखी भोके आहेत आणि आतून यंत्रांचा आवाज येतो. खाली मॉरलॉक आहेत. इलॉयांचे कपडे तेच करतात आणि रात्री वर येऊन इलॉयांना खातातही. प्रवासी याचा अर्थ लावतो: धनिकांनी श्रमिकांना आधी नजरेआड, मग जमिनीखाली ढकलले आणि काही लाख वर्षांत एका मानवजातीच्या दोन जाती झाल्या. लंडनच्या ईस्ट एंडमधला कामगार आजच अर्धा जमिनीखाली राहत नाही काय, असेही तो सुचवतो. श्रमविभागणी म्हणून जे सुरू झाले त्याची श्रमिकांचीच विभागणी झाली. जातीबद्दल हाच मुद्दा बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडला. वेल्सने फक्त तो शरीरापर्यंत ताणला.

पण इथेच आमचे वेल्सशी भांडणही आहे. त्याचा प्रवासी सहानुभूती कुणाला देतो? इलॉयांना. वीना नावाची इलॉय मुलगी त्याच्या जवळची होते. मॉरलॉक मात्र पांढरे, ओंगळ, माकडासारखे. त्यांची डोकी फोडताना त्याला समाधान वाटते. मोलकरणीच्या पोटी जन्मलेल्या लेखकाला भुयार माहीत होते, पण भुयारातल्या माणसाच्या तोंडी त्याने एक वाक्य दिले नाही. मॉरलॉक काय म्हणाले असते? हजारो पिढ्या यंत्रे फिरवून कपडे पुरवल्यावर त्यांना वरच्यांबद्दल काय वाटत होते? कादंबरीला ते ठाऊक नाही. आणि १९०१ च्या ‘ॲन्टिसिपेशन्स’मध्ये हाच वेल्स नव्या कार्यक्षम जगात न बसणाऱ्या काळ्या, तपकिरी, पिवळ्या लोकांना नाहीसे व्हावे लागेल असे लिहून बसला. पुढे १९४० मध्ये त्याने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी लेखणी झिजवली हेही खरे. तळघरातून वर आलेला माणूस तळघराच्याच बाजूने बोलेल याची खात्री नसते. याची उदाहरणे आपल्याकडे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

वेल्सच्या त्या शिक्षकाचा नातू म्हणजे ऑल्डस हक्सले. ईटन, ऑक्सफर्ड, घराणे विद्वानांचे. वेल्सच्या आशावादी भविष्यचित्रांची टर उडवायची म्हणून त्याने ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ सुरू केली आणि हातून निघाली ती जातव्यवस्थेवरची इंग्रजीतली बहुधा सर्वांत धारदार कादंबरी. हक्सले १९२५-२६ मध्ये भारतात फिरून गेला होता. कादंबरीत तो ‘कास्ट’ हाच शब्द वापरतो. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. प्रत्येकाच्या कपड्याचा रंग ठरलेला, काम ठरलेले. माणसे बाटल्यांत वाढवली जातात आणि जितकी जात खालची तितका गर्भाला ऑक्सिजन कमी.

हा ऑक्सिजनचा मुद्दा आम्हाला या पुस्तकाचा गाभा वाटतो. खालचा माणूस जन्मतःच कमी असता तर त्याचा ऑक्सिजन तोडावा का लागला असता? रक्तात मद्य का मिसळावे लागले असते? कारखाना उभारावा लागतो, याचाच अर्थ सगळे गर्भ सारखे आहेत आणि विषमता मेहनतीने बनवावी लागते. डेल्टांच्या आठ महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत पुस्तके आणि फुले ठेवतात. बाळे रांगत पुस्तकाला हात लावतात आणि भोंगे किंचाळू लागतात, जमिनीतून विजेचा झटका बसतो. असे दोनशे वेळा. मग आयुष्यभर ती पुस्तकाला भितात. शंबूकाची आणि एकलव्याची गोष्ट माहीत असलेल्या समाजाला हे पान कल्पित वाटणार नाही.

बीटांच्या मुलांना झोपेत उशीखालून धडा ऐकवतात: अल्फांना फार डोकेफोड करावी लागते, गॅमा मूर्ख, डेल्टांशी खेळणे नको, एप्सिलॉन तर त्याहून वाईट, बरे झाले आपण बीटा. आठवड्यातून तीन रात्री, दर वेळी एकशेवीस वेळा, तीस महिने. श्रेणीबद्ध विषमता का टिकते याचे उत्तर इथे आहे. प्रत्येक पायरीला पायाखाली आणखी एक पायरी मिळते, म्हणून जिना मोडायला कुणी उठत नाही. वेल्सकडे दोनच वर्ग होते, त्यामुळे तिथे मॉरलॉक उलटू शकला. हक्सलेच्या पाच पायऱ्यांच्या जगात बंड होत नाही.

आणि तरी हक्सलेची करुणाही वरच्यांसाठीच राखीव आहे. त्याचा दुःखी नायक बर्नार्ड मार्क्स अल्फाच आहे. अंगाने गॅमासारखा बुटका राहिल्यामुळे त्याला हवा तेवढा मान मिळत नाही, हे त्याचे दुःख. जात आहे याबद्दल त्याची तक्रार नाही. जातीत आपले स्थान खाली गेले याबद्दल आहे. असे बर्नार्ड आपल्याकडच्या परिसंवादांत व्यासपीठावर भरपूर भेटतात. खऱ्या माणसाची झलक दिसते ती एका लिफ्टमनमध्ये. तो एप्सिलॉन. लिफ्ट गच्चीवर पोचते, दार उघडते, ऊन आत येते, आणि तो आनंदाने ‘गच्ची! गच्ची!’ असे ओरडतो, जणू झोपेतून जागा झालाय. तेवढ्यात घंटा वाजते, खाली जाण्याचा हुकूम येतो, आणि दार बंद. एवढेच. त्या लिफ्टमनचे नावही आपल्याला कळत नाही.

मग खालून कुणी लिहिलेच नाही का? लिहिले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांची ‘द कॉमेट’ ही १९२० सालची कथा आहे, कादंबरी नाही, पण या चर्चेत ती टाळता येत नाही. १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रो याचिकेची प्रत मागण्यासाठी ज्यांना पत्र लिहिले तेच हे ड्यू बॉईस. कथेत न्यूयॉर्कच्या बँकेतला काळा निरोप्या जिम, जोखमीचे काम म्हणून, सर्वांत खालच्या तळघरात पाठवला जातो. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने वरचे सगळे मरतात आणि तळघरामुळे तो वाचतो. वाचलेली एक श्रीमंत गोरी स्त्री त्याला भेटते आणि काही तास दोघे फक्त माणसे असतात. मग शहराबाहेरचे गोरे लोक येऊन पोचतात आणि सगळे पूर्ववत होते. जग बुडाले तरी वर्ण बुडायला वेळ लागतो.

ऑक्टेव्हिया बटलर यांची आईही मोलकरीण होती, वेल्सच्या आईसारखीच. वडील बूटपॉलिश करत, ते लवकर वारले. कॅलिफोर्नियात लहानपणी आईबरोबर कामावर जाताना आईला मागच्या दाराने आत जावे लागते, आणि तिच्यासमोरच तिच्याबद्दल वाईटसाईट बोलले जाते, हे त्या पोरीने पाहिले. पुढे कॉलेजात ‘ब्लॅक पॉवर’च्या काळात एक तरुण त्यांना म्हणाला, ज्या म्हाताऱ्यांनी आपल्याला मागे ठेवले त्या सर्वांना मारावेसे वाटते, आणि सुरुवात आपल्याच आईबापांपासून करावी लागेल. या वाक्याला दिलेले उत्तर म्हणजे १९७९ ची ‘किन्ड्रेड’.

आम्ही हे पुस्तक कार्यकर्त्यांच्या हाती देतो ते याच कारणासाठी. आपल्यातही तो तरुण आहे. आजोबांनी भाकरी मागितली, जोहार घातला, मेलेले ढोर ओढले, म्हणून त्यांना लाचार ठरवणारी भाषणे आपण ऐकली आहेत. कदाचित टाळ्याही वाजवल्या आहेत.

‘किन्ड्रेड’मध्ये १९७६ सालची शिकलेली काळी लेखिका दाना अचानक १८१५ च्या मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर खेचली जाते. यंत्र नाही, खोगीर नाही, आपल्या मर्जीने परतही येता येत नाही. वेल्सचा प्रवासी घरी येऊन मटण मागतो आणि मित्रांना गोष्ट सांगतो. दानाला ती चैन नाही. तिथे एका गुलाम मुलाला वाचायला शिकवताना ती पकडली जाते आणि तिला चाबकाचे फटके बसतात. स्वयंपाकघरात सारा नावाची बाई आहे, मान खाली घालून राबणारी. अशा बाईला आपल्या काळातले जहाल तरुण तुच्छ मानतील, असे दानाला सुरुवातीला वाटते. मग कळते की साराची तीन पोरे मालकाने विकली. चौथी मुकी मुलगी तेवढी उरली आहे, आणि तिलाही कधी विकतील या भीतीने सारा रोज चूल पेटवते. हळूहळू दानाही मान खाली घालायला शिकते. ती मूर्ख नाही, घाबरटही नाही. तिला जिवंत राहायचे आहे.

दाना शेवटच्या फेरीत एक हात गमावून परत येते. तिला धडधाकट परत आणणे आपल्याला शक्यच नव्हते, असे बटलर यांनी नंतर मुलाखतीत सांगितले.