चुलीपासून कट्ट्यापर्यंत

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात किल्ले येतात, तह येतात, राज्याभिषेक येतात. घरातली बाई ज्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास काढते, त्या खोलीला मात्र त्यात एक ओळही मिळत नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या घरचे स्वयंपाकघर नव्याने करावयाचे ठरले. कट्ट्याला दगड कोणता, भिंतीला टाइल्स कोणत्या आणि कपाटे कशाची, या तीन प्रश्नांपायी सौ. आणि मी बेळगावातील बरीच दुकाने पालथी घातली. दुकानदार भाव सांगत. मी सवयीप्रमाणे 'हा माल मूळचा कुठला?' असे विचारी. त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता जे गवसले ते येथे मांडतो.

आमच्या भागातील जुने स्वयंपाकघर हे बसून वापरावयाचे होते. मातीची चूल, तिच्या शेजारी वैल, हाताशी फुंकणी, मागे भिंतीत फडताळ, कोपऱ्यात उतरंड आणि मांजराच्या भयाने वर टांगलेले शिंके. या मांडणीला स्वतःचे शास्त्र होते. विळी पायाखाली दाबून धरावयाची, पाट्यावर वरवंटा चालवताना अंगाचे वजन पुढे टाकावयाचे, परातीतले पीठ खांद्याच्या जोराने मळावयाचे. बसण्यामुळे ही कामे सोपी होत. सोवळ्याच्या दृष्टीनेही चुलीभोवतीचा सारवलेला चौकोन वेगळा राखता येई. पण या व्यवस्थेची किंमत बाईचे डोळे आणि फुप्फुसे देत. पावसाळ्यात ओली लाकडे धुमसू लागली की पुरुषमंडळी सोप्यावर येऊन बसत. बाईला तेथून उठण्याची सोय नव्हती.

हा धूर काढण्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर एक पुस्तिकाच काढली. कोट्यवधी घरांतील स्वयंपाकघरे निर्धूर व्हावीत, हा त्या पुस्तिकेचा विषय. तथापि चूल सुधारली तरी ती जमिनीवरच राहिली.

बाईला उभे केले ते गॅसने. बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. पुढे तो गावोगाव पोहोचला. सिलिंडर उभा ठेवावयाचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावयाची, हा सुरक्षिततेचा नियम. म्हणजे शेगडीसाठी उंच जागा हवी! अशा रीतीने दोन भिंतींवर आडवी फरशी टाकून जे बांधकाम झाले त्याला पुण्या-मुंबईकडे ओटा म्हणतात, आपण कट्टा म्हणतो. रॉकेलचा स्टोव्ह जमिनीवर बसूनही चालत असे. गॅसने तशी मुभा ठेवली नाही. मग विळीची जागा सुरीने घेतली, पाटा-वरवंटा मिक्सरपुढे हरला. एका नळीने घरातली निम्मी अवजारे बदलून टाकली.

मात्र उभ्याने करावयाच्या स्वयंपाकघराचा सर्वांत प्रसिद्ध आराखडा त्याच्याही आधीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भीषण टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने वास्तुविशारद अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली कामगारांसाठी वसाहती उभारल्या. तेथील स्वयंपाकघराची आखणी १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या तरुणीकडे आली. खोली केवळ १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वासहा बाय अकरा फूट. आगगाडीतल्या जेवणाच्या डब्याचे छोटेसे स्वयंपाकघर तिने नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवले. बाईची पावले आणि मिनिटे मोजून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरविली. डाळ-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे खण, पिठासाठी ओकच्या लाकडाचे, कारण त्या लाकडातील द्रव्यामुळे किडे लागत नाहीत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. आज दुकानात 'मॉड्युलर किचन' म्हणून जे दाखवितात त्याचे हे मूळ. आणि त्यात एक गोष्ट अशी होती, जी आपल्याकडे येता येता वाटेत गळून पडली: खिडकीखालच्या फळीशी भाजी चिरावयाला बसण्यासाठी एक फिरते स्टूल होते. आपण बाईला जमिनीवरून उठविले आणि उभीच ठेवली.

या मार्गारेटबाईंचे पुढील चरित्र पाहिले तर माणूस थक्क होतो. त्या नाझी राजवटीविरुद्ध भूमिगत चळवळीत उतरल्या, १९४१ मध्ये पकडल्या गेल्या आणि १९४५ पर्यंत तुरुंगात राहिल्या. वयाच्या १०३ व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, जानेवारी २००० मध्ये त्या वारल्या.

आता दगडाकडे वळू. आमच्या पिढीच्या घरांत जमिनीला शहाबादी फरशी असे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या निजामी मुलखात. मुंबई आणि मद्रासकडून आलेले लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला एकत्र मिळाले. शहाबाद त्याच मार्गावर असल्याने तेथील फरशी दूरवर जाण्याची वाट मोकळी झाली. कट्ट्यावर आला तो काळा कडप्पा, आंध्रातील कडप्पा जिल्ह्याच्या नावाचा. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आपल्या स्वयंपाकात तर चिंच, लिंबू आणि आमसूल हात सोडीत नाहीत. आंबट पदार्थ सांडून राहिला की चुनखडीवर त्याची क्रिया होते आणि काळ्या दगडावर पांढुरका डाग उमटतो. तो मळ नसतो, दगडाची झीज असते. म्हणून कितीही घासला तरी जात नाही. ग्रॅनाइटला ही बाधा नाही. यंत्राने कापलेला आणि घासलेला ग्रॅनाइट स्वस्त होत गेला तसा कडप्पा मागे पडला. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील इलकल हे नाव बायकांना लुगड्यामुळे ठाऊक. तेथला तांबूस ग्रॅनाइटही तितकाच नामांकित आहे.

कपाटांची गोष्ट वेगळी. सुतार ज्याला सनमायका म्हणतो ते एका कंपनीच्या मालाचे नाव. आपण ते साऱ्या जातीलाच देऊन टाकले. राळेत भिजविलेल्या कागदाचे थर दाबून केलेला हा पदार्थ. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास फेबर आणि ओकॉनर या दोघांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाच्या जागी वापरावा म्हणून तो शोधला. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात. 'मायकाऐवजी' या अर्थाच्या शब्दांवरून त्यांच्या मालाचे नाव फॉर्मायका पडले. बेळगाव-खानापूरच्या पावसात हा वरचा थर टिकतो; फुगते ते आतले भुशाचे बोर्ड. म्हणून दुकानात रंग पाहण्याआधी आत काय आहे आणि कडा बंद केल्या आहेत का, हे पाहावे. भिंतीच्या टाइल्स बहुतेक गुजरातेतील मोरबीच्या निघाल्या. त्यांत निवड केवळ रंगाची उरते.

खरा प्रश्न उभा राहिला तो शेवटच्या दुकानात. तेथे आम्हाला 'क्वार्ट्झ' दाखविण्यात आला. डाग पडत नाही, रंग हवा तो मिळतो. हा खाणीतून अखंड निघालेला दगड नव्हे. गारगोटीचा चुरा राळेत बांधून तो कारखान्यात तयार होतो. त्यात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांवर जाते. ग्रॅनाइटमध्ये ते बरेच कमी, चुनखडीत त्याहून कमी. असा दगड कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही. इस्रायलमध्ये अशा कामगारांवर फुप्फुस बदलण्याची पाळी आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये झाली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगड बनविणे, विकणे आणि बसविणे यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसची नोंद आवश्यक मानलेली होती. परंतु आपल्या अंगणात बसून, तोंडाला रुमाल बांधून सिंकसाठी दगड कापणारा पोरगा कोणत्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतो?

मला वाटते, या सबंध इतिहासाचे मर्म येथे आहे. चुलीचा धूर बाईच्या छातीतून काढण्यासाठी आपल्याला एक शतक लागले आणि ते काम अजून पुरते संपलेले नाही. त्याच काळात कट्ट्याची धूळ गवंड्याच्या छातीत शिरली. एकाचे सुख दुसऱ्याच्या श्वासावर उभे असेल, तर त्याला सुधारणा म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

आम्ही ग्रॅनाइट घेतला. त्यातही सिलिका आहेच. म्हणून कापताना पात्यावर सतत पाणी सोडावयाचे, ही अट भाव ठरविण्याच्या आधी घातली. मिस्त्री म्हणाला, "सर, पाण्यानं राडा होतो, येळ लागतो." सौ. म्हणाल्या, "राडा मी काढीन, तुम्ही पाणी सोडा." कट्ट्याची उंचीही त्यांच्याच कोपराखाली चार बोटे ठेवून धरली, मिस्त्रीच्या नेहमीच्या मापाने नव्हे. या दोन गोष्टींना दगडाच्या किमतीपुढे जवळजवळ काहीच खर्च येत नाही. या दिवाळीनंतर ज्यांच्या घरी हे काम निघणार आहे, त्यांनी दुकानात शिरण्यापूर्वी निदान एवढे ठरवून घ्यावे: कट्टा कोणाच्या मापाचा, आणि तो कापणार कोण, कसा.