ओंवीपासून कीर्तनापर्यंत : मराठी ख्रिस्ती उपासनागीताचा प्रवास

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहण्याच्या दोन रीति आपल्याकडे रूढ आहेत. कांहीं अभ्यासक तें परधर्माचें भाषांतरित वाङ्मय म्हणून बाजूस ठेवतात. कांहीं त्यांतील एकदोन श्रेष्ठ ग्रंथांची भाषेच्या दृष्टीनें वाखाणणी करून थांबतात. दोहोंतहि एक गोष्ट सुटते ती ही कीं, या वाङ्मयाचा मोठा भाग वाचण्यासाठीं लिहिलेला नसून गाण्यासाठीं रचलेला आहे. ज्या काळीं खेड्यांतील बहुसंख्य लोकांस अक्षरओळख नव्हती, त्या काळीं छापील पुस्तक हातीं पडलें तरी तें मुकेंच राही. पद मात्र एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जाई आणि वाटेंत त्याला कोणाची शिफारस लागत नसे. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा मराठी समाजांत कशी शिरली व कशी पसरली हें समजावयाचें असेल, तर गीतें कोणत्या छंदांत होतीं, कोणत्या चालीवर होतीं व कोणाच्या तोंडीं होतीं, याचा शोध घेतला पाहिजे. तो घेतला असतां जें दिसतें तें थोडक्यांत असें : ज्या गाण्यांत श्रोता आपला आवाज मिसळूं शकला, त्याच गाण्यानें श्रद्धा खोल रुजविली व दुसऱ्यापर्यंत नेली, जें केवळ ऐकावयाचें किंवा घोकावयाचें राहिलें, तें फार काळ वरवरचें राहिलें.

२

या विचाराचा आरंभ आमच्या बीड जिल्ह्यापासून करणें सोयीचें आहे. आंबेजोगाई ही मुकुंदराज व दासोपंत यांची भूमि. दासोपंतांनीं गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, पंचीकरणाचें विवेचन कापडाच्या लांबच लांब पासोडीवर उतरविलें, आणि गाण्याजोगीं असंख्य पदें रचलीं. वेदान्तासारखा कठिण विषय ओंवींत व पदांत आला म्हणजे तो पंडिताच्या माजघरांतून गांवच्या अंगणांत येतो, हें या भूमीस पूर्वींपासून ठाऊक होतें. दासोपंतांचें निर्याण शके १५३७ च्या माघ मासीं, म्हणजे इ. स. १६१६ च्या आरंभीं झालें. त्याच १६१६ सालीं दूर गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. या दोन पुरुषांचा परस्परांशीं कांहीं संबंध होता असें नव्हे. परंतु दोघांनीं लोकांपर्यंत पोहोंचण्याची वाट एकच निवडली, ती ओंवीची.

स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट. इ. स. १५७९ मध्यें ते गोव्यास आले व साष्टी प्रांतांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. ग्रंथाची लिपि रोमन, परंतु भाषा कोंकणीचा स्पर्श असलेली मराठी. ओंव्यांची संख्या सुमारें अकरा हजार. ग्रंथाच्या निर्मितीचें कारण त्यांनींच पहिल्या पुराणाच्या आरंभीं सांगितलें आहे. धर्मशिक्षण चालूं असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रींस विचारिलें, त्याचा आशय असा कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें असें दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं. जुना पुराणपाठ राजसत्तेच्या जोरावर थांबविला गेला होता. प्रश्नामागें ही हानि आहे, हें इतिहासकारानें विसरतां कामा नये. पण मागणी करणारा प्रवचन मागत नाहीं, पुराण मागतो. संध्याकाळीं चार माणसांनीं जमून ज्याचा सस्वर पाठ करावा असें कांहींतरी त्याला हवें होतें. स्टीफन्स यांनीं तें दिलें. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले आणि चौथा आंखूड व मोकळा, ही ज्ञानदेवांपासून चालत आलेली ग्रंथ-ओंवीची ठेवण त्यांनीं जशीच्या तशी घेतली. देवळांतून व घरांतून हें पुराण वाचलें जाऊं लागलें. १६४९ व १६५४ या सालीं तें पुन्हां छापावें लागलें. मागोमाग एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचें सेंट पीटरवरील पुराण १६२९ पासून छापून निघालें.

पुढें वारा फिरला. इ. स. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषा टाकून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. १७३६ मध्यें इन्क्विझिशननें लग्नकार्यांत देशी वाद्यें वाजविण्यास व ओंव्या गाण्यास ख्रिस्ती लोकांना मनाई केली. ज्या छंदांत ख्रिस्तचरित्र गाइलें गेलें, त्याच छंदावर शतकभरानें त्याच धर्माच्या नांवानें बंदी यावी, हें विचित्र खरें. परंतु यांत एक साक्ष दडलेली आहे. जें निर्जीव असतें त्यावर कोणी बंदी घालीत नाहीं. गाणें हें मनुष्याच्या निष्ठेचें घर आहे, हें धर्मन्यायाधीशांनीं ओळखलें होतें. त्या घरांत नवा यजमान सुखानें राहूं शकतो, हें मात्र त्यांना पटलें नाहीं.

३

मराठी ख्रिस्ती गीताचा दुसरा प्रवाह यानंतर सुमारें पाऊण शतकानें सुरू झाला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. १८३१ मध्यें त्यांनीं अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें ठाणें घातलें आणि १८४२ मध्यें तेथें 'ज्ञानोदय' पत्र काढलें. नगरचा मुलूख इंग्रजांकडे व त्याला लागून असलेले आष्टी-पाटोदें निजामाकडे, अशी तेव्हां राज्याची सीमा असली तरी भाषा, बाजार व वारी यांना ती सीमा नव्हती.

या मिशनरींनीं आपल्याबरोबर आपल्या चाली आणल्या. रेव्ह. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्यांनीं परिश्रमपूर्वक इंग्रजी गीतांचीं मराठी रूपांतरें केलीं. अर्थ शुद्ध, हेतु निर्मळ. पण छंदाची अडचण राहिली. इंग्रजी पद्याचा ठेका आघातावर चालतो : एक अक्षर हलकें, पुढचें जोरकस. आपलें पद्य लघुगुरूंच्या मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर चालतें. 'देवाची करुणा' हे साधे शब्द परक्या ठेक्यांत बसवूं गेलें तर 'करुणा' यांतील लघु 'रु' वर ताण पडून तें दीर्घ होतें, आणि शब्द ओळखूं येईनासा होतो. विभक्तीचा प्रत्यय जोरानें उच्चारावा आणि मूळ शब्द हळू, असा प्रकारहि घडे. शाळेंत वा देवळांत नित्य शिकविल्यानें अशीं कित्येक गीतें पुढें लोकांच्या आवडीचीं झालीं, हें नाकारतां येणार नाहीं. संवयहि एक प्रकारची मातृभाषाच असते. पण शेतांत नांगर धरतां धरतां तीं आपोआप ओठांवर येणें कठिण होतें. प्रॉटेस्टंट परंपरेचा आरंभच मुळीं लूथरनें १५२४ च्या सुमारास जर्मन लोकांच्या तोंडीं त्यांच्याच भाषेंतील गीतें देऊन केला होता. तो धडा येथें नव्यानें गिरवावा लागला.

४

तो धडा गिरविणारे मुख्यतः एतद्देशीय ख्रिस्ती होते. १८६० नंतरच्या काळांत नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा उदयास आली. त्या संबंधांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव आदरानें घेतलें जातें. या कीर्तनाची घडण नारदीय कीर्तनाचीच. आरंभीं नमन, मग पूर्वरंगांत एक मूळ पद घेऊन त्याचें निरूपण, मध्यें नामघोष, आणि उत्तररंगांत आख्यान, त्यांत साकी, दिंडी, आर्या, कटाव, पदें, साथीस टाळ-मृदंग. आख्यानविषय मात्र बायबलांतील. उधळ्या पुत्राचा दृष्टांत घ्या. बाप, दोन मुलें, जमिनीची वांटणी, दुष्काळ, परत येणें. यांत आमच्या दुष्काळी प्रदेशांतील शेतकऱ्यास समजावून सांगावें असें काय आहे? कीर्तनकार गातो तेव्हां कथा यहूदी देशांत घडत नाहीं, पलीकडच्या वाडींत घडते.

प्रसाराच्या दृष्टीनें कीर्तनाचा दुसरा गुण असा कीं, त्याला श्रोता जमविण्याची खटपट पडत नाहीं. प्रवचनाच्या वाटेस न जाणारा मनुष्य टाळांचा आवाज ऐकून येऊन बसतो. धृपद त्याला म्हणावेंच लागतें. आणि घरीं जातांना तें त्याच्याबरोबर जातें.

परंतु या प्रकरणाचें खरें मर्म संगीतशास्त्रांत नाहीं, तें बसण्याच्या जागेंत आहे. नगर व मराठवाडा या भागांतील नवख्रिस्ती बहुतांशीं त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. भक्तिसंप्रदायानें त्यांना अभंग दिला, चोखोबांसारखा संत दिला. पण पंढरीच्या मंदिराचें दार १९४७ मध्यें साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडेपर्यंत त्यांना पायरीपाशींच थांबावें लागलें. नारदाच्या गादीवर उभें राहून चारचौघांस निरूपण करण्याचा मान नारदीय कीर्तनांत बहुधा उच्चवर्णीय हरिदासांचाच असे. ख्रिस्ती कीर्तनांत तीच गादी, तेच टाळ, तीच दिंडी; मात्र मध्यें उभा राहणारा तो आणि सभोंवार बसणारे सर्व. ज्याला आजवर दुरून ऐकण्याची मुभा होती त्याला गाण्याचा अधिकार मिळाला, यांत त्याच्या श्रद्धेचा केवढा अंश असेल याचा हिशेब कोणत्याहि मिशनच्या अहवालांत सांपडणार नाहीं.

५

या प्रवाहाला काव्याची उंची रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं दिली. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृताचें अध्ययन केलेले हे पंडित. १८९३ मध्यें राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील वास्तव्य बहुतेक नगरास. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनासंग्रहांत त्यांच्या गीतांचा वांटा फार मोठा आहे. ख्रिस्ताला माउली व गुरु म्हणून हांक मारण्याची त्यांची रीत सरळ वारकरी परंपरेंतून आलेली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणीं आलों, असें ते म्हणत. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें व १९३८ मध्यें तें प्रसिद्ध झालें. १९१७ मध्यें मिशनचें वेतन सोडून टिळकांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावे अशी त्यांची कल्पना होती. त्या कल्पनेचें मूळ भजनांत आहे. भजनाला बसणाऱ्यास नांवनिशी विचारण्याची चाल नसते.

गीत हें श्रद्धेचें एकमेव कारण मात्र नव्हे, आणि याचा पुरावा टिळकांच्या घरांतच आहे. लक्ष्मीबाईंनीं पतीच्या मागोमाग धर्म बदलला नाहीं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. जातिभेद ईश्वरनिर्मित नव्हे, हा निर्णय स्वतःच्या मनांत झाल्यावर मग त्या वळल्या, असें 'स्मृतिचित्रें' सांगतात. गीत दार उघडतें. आंत पाऊल टाकणें ज्याचें त्यालाच करावें लागतें.

६

या गीतपरंपरेवर दोन बाजूंनीं आक्षेप आले. हिंदु टीकाकारांस ती वेषांतरित धर्मप्रसार वाटली. उलट कांहीं मिशनरींस अशी भीति कीं, जुन्या छंदाबरोबर जुनी देवताबुद्धिहि आंत शिरेल. दोन्ही आक्षेपांच्या मुळाशीं एकच गृहीत आहे, तें हें कीं, छंद एकाच धर्माच्या मालकीचा असतो. इतिहास तसें सांगत नाहीं. अभंगाच्या चार चरणांच्या चौकटींत तुकोबांनीं विठ्ठल गाइला. त्याच वळणावर जोतीराव फुल्यांनीं 'अखंड' रचून निर्मिकाचें व सत्याचें गुणगान केलें. त्याच चौकटींत टिळकांचे अभंग बसले. पुढें सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनीं तमाशाचें अंग घेऊन नवा विचार खेडोपाडीं नेला. छंद हा पाणवठा आहे. कोणास पाणी भरूं द्यावयाचें हा वाद माणसांचा, पाण्याचा नव्हे. रोमन कॅथॉलिक पंथानेंहि १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्रांत लोकभाषेला वाव व लोकसंगीताला मान दिला. साष्टींतील त्या ब्राह्मणाचा प्रश्न अशा रीतीनें साडेतीन शतकांनीं रोमच्या सभागृहांत पोहोंचला असें म्हणतां येईल.

आंबेजोगाईस या इतिहासाचा एक धागा परत आलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन अॅबट यांनीं निवृत्तीनंतर महाराष्ट्रीय संतचरित्रांची जी इंग्रजी माला १९२६ पासून प्रसिद्ध केली, तींत चौथें पुस्तक दासोपंतांचें आहे. ख्रिस्ती गीतास ज्या संतांनीं छंद दिला त्या संतांचें ऋण एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें असें फेडलें.

मंडळाच्या सभासदांस शेवटीं एकच विनंति. छापील संग्रहांतील गीतें सुरक्षित आहेत. पण कीर्तनाचें खरें शरीर म्हणजे आख्यानांचीं हस्तलिखित बाडें आणि चाली. बाडें घरांतील जुन्या ट्रंकांत असतात, चाली वृद्धांच्या कंठांत. पैकीं पहिल्यांना वाळवी लागते आणि दुसऱ्या माणसाबरोबर जातात. बखरी व सनदा यांच्या शोधांत आपण गांवोगांव हिंडतों, तेव्हां बीड व नगर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील ख्रिस्ती वस्तींतहि थोडें थांबावें. धृपद कोणत्या चालीवर म्हणत होतां, एवढें विचारावें; आणि जें गातील तें त्यांच्याच उच्चारांत उतरून घ्यावें.