व्हांगानुई नदीचे सहशासन

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील व्हांगानुई या नदीच्या व्यवस्थापनासाठी शासन व स्थानिक माओरी जमाती यांनी वाटाघाटींतून उभारलेली कायदेशीर व्यवस्था. सु. २९० किमी. लांबीची ही नदी टाँगारीरो या ज्वालामुखी पर्वतावर उगम पावून टास्मान समुद्रास मिळते. काठच्या माओरी जमाती तिला आपला पूर्वज मानतात. पर्वतापासून सागरापर्यंतचा प्रवाह, उपनद्या व माणसे मिळून एकच अविभाज्य अस्तित्व होते, अशी त्यांची धारणा आहे. इंग्रजी विधीने मात्र पाणी, तळ व काठ यांचा स्वतंत्रपणे विचार केला. या दोन दृष्टींतील संघर्ष हाच नदीच्या आधुनिक इतिहासाचा गाभा होय.

ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यातील वाइटांगी तहाने (१८४०) माओरींना भूमी व मत्स्यक्षेत्रे यांच्या ताब्याची हमी दिली होती. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगबोटींची वाहतूक सुरू झाली आणि जलमार्ग मोकळा करताना माओरींचे वाम मासे पकडण्याचे बांध उद्ध्वस्त झाले. १९०३ च्या कायद्याने नौकानयनयोग्य नद्यांचे तळ शासनाच्या मालकीचे ठरले. तळावरील हक्कासाठी माओरींनी १९३८ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. अनेक न्यायालये व एक शाही आयोग यांतून गेलेला हा वाद १९६२ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकालात निघाला. १९७० नंतर टाँगारीरो जलविद्युत् योजनेसाठी शीर्षभागातील पाणी वळविण्यात आले. ते अखेर वायकाटो या दुसऱ्याच नदीत जाते.

तहभंगाच्या तक्रारींच्या चौकशीसाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइटांगी न्यायाधिकरणाने १९९९ च्या अहवालात माओरींची बाजू मुख्यतः ग्राह्य मानली. दीर्घ वाटाघाटींनंतर २०१४ मध्ये करार व मार्च २०१७ मध्ये ‘ते आवा तुपुआ’ कायदा झाला. त्याने नदीस विधिदृष्ट्या व्यक्तित्व दिले, शासनाच्या मालकीचा तळ नदीच्याच नावे केला व क्षमायाचनाही नोंदविली. नदीच्या वतीने कार्य करण्यासाठी दोन पालक नेमले जातात : एक जमातींनी व एक शासनाने सुचविलेला. जमाती, स्थानिक संस्था, शासकीय विभाग, वीज-उत्पादक, पर्यटन व निसर्गसंरक्षण यांचे प्रतिनिधी असलेला, कमाल १७ सदस्यांचा गट नदीविषयक धोरण आखतो. नुकसानभरपाईदाखल ८ कोटी, तर नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरची तरतूद झाली.

या तडजोडीस मर्यादाही आहेत. कायद्याने पाण्याची मालकी कोणासही दिली नाही व पूर्वीचे पाणीवापराचे परवाने अबाधित ठेवले. त्यामुळे पाणी वळविणे आपोआप थांबले नाही.

याच मार्च महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना विधिदृष्ट्या व्यक्ती ठरविले आणि पालक म्हणून अधिकारी नेमले. नदी अनेक राज्यांतून वाहते व पुराच्या हानीचे दायित्व कोणाचे, हे मुद्दे उपस्थित करून राज्यशासन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये निर्णयास स्थगिती दिली. दोन्हींतील भेद उद्‌बोधक आहे. व्हांगानुईचे व्यक्तित्व ही केवळ विधिकल्पना नव्हे; नदीकाठच्या समाजास निर्णयात वाटा देणाऱ्या, शतकाहून अधिक काळच्या लढ्यातून आलेल्या कराराचे ते फलित होय.