एकाच नक्षीचे दोन टायर

माउंटन बाइकच्या टायरमध्ये मुख्यतः चार गोष्टी असतात: रिममध्ये अडकणारी कड, दोऱ्यांच्या थरांचा सांगाडा, त्यावर चढवलेले रबर आणि त्या रबरात उठवलेले ठोकळे. गिऱ्हाइकाची नजर जाते ती ठोकळ्यांच्या नक्षीवर. दुकानात एकाच नावाचे, एकाच नक्षीचे दोन टायर शेजारी टांगलेले असतात आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असते, तेव्हा फरक बहुधा उरलेल्या तीन गोष्टींत असतो. हे फरक एकदम आले नाहीत. प्रत्येक फरक वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीवर उपाय म्हणून आला. ज्याला ती अडचण खरोखर भेडसावते त्याचेच जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

सांगाड्याची गोष्ट सर्वांत जुनी. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनी ती कल्पना नव्याने शोधली आणि सायकलीला हवेचा टायर मिळाला. सुरुवातीच्या टायरचा सांगाडा विणलेल्या कापडाचा होता. चाक फिरताना टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यामुळे कापडाचे उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून झिजत आणि सायकलस्वाराची ताकद त्या घर्षणातच खर्ची पडे. १८९० च्या दशकात अमेरिकेतील जॉन पामर यांनी विणकामच काढून टाकले. समांतर दोरे रबरात बुडवायचे आणि असे थर एकमेकांवर तिरके ठेवायचे, ही त्यांची युक्ती. सायकलीचे बहुतेक टायर आजही याच पद्धतीने बनतात.

जाड टायर मात्र डोंगरासाठी जन्मले नाहीत. अमेरिकेत १९३० च्या सुमारास सायकलींना रिमवर चिकटवलेले अरुंद टायर असत आणि ते वरचेवर पंक्चर होत. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये २६ इंच व्यासाचा, २.१२५ इंच रुंदीचा, आत वेगळी ट्यूब असलेला ‘बलून’ टायर सायकलीला बसवला. मंदीच्या त्या काळात तो मुलांच्या सायकलींसाठी होता. फुटपाथच्या कडेवर आपटला तरी टिकावा आणि दुरुस्तीचा खर्च वाचावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. वजनाचा विचार कोणी केला नव्हता. माउंटन बाइकिंगला पहिला टायर मिळाला तो हा, म्हणजे स्वस्त टायर.

कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात त्या भागातील काही तरुण श्विनच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकली भंगारातून उचलून जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे ३.४ किलोमीटर अंतरात रस्ता जवळपास ४०० मीटर खाली उतरतो. मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस या उतारावर जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून शर्यतीला हे नाव पडले. गॅरी फिशर यांनी नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ तिथला विक्रम ठरली. या मंडळींचा आवडता टायर म्हणजे युनिरॉयलचा ठोकळेवाला २६ बाय २.१२५. तो वजनदार होता, पण दगडांवर टिकत असे. जो ब्रीझ यांनी १९७७-७८ मध्ये खास डोंगरासाठी नव्या चौकटीची पहिली सायकल घडवली तेव्हाही चाकांवर हाच टायर चढवावा लागला. बाकी सायकल नवी झाली होती, टायर अजून मुलांच्या सायकलीचाच होता.

उतारावर वजन खपून जाते, चढावर नाही. चाकाच्या परिघावरचे वजन तर वेग घेताना सर्वांत जास्त जाणवते. १९८० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या २६ इंची रिम आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘स्नेकबेली’सारखे पातळ बाजूंचे टायर. सायकल काही पौंडांनी हलकी झाली आणि डोंगर पायडल मारत चढता येऊ लागला. माउंटन बाइकच्या इतिहासात गिअरचे कौतुक फार होते, पण या हलक्या चाकांचा वाटा त्याहून कमी नाही. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजंपर’ बाजारात आणली आणि डोंगरी सायकल कारखान्यात घाऊक बनू लागली. तिच्यासोबत टायरचाही स्वतंत्र बाजार उभा राहिला.

पुढची बचत कडेच्या तारेत झाली. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये केव्हलार हा धागा शोधला होता. पोलादी तारेऐवजी असा धागा घातला की टायरमागे साधारण ५० ते १०० ग्रॅम वाचतात आणि टायरची घडी घालता येते. आजही दुकानात घडीचा टायर महाग आणि तारेचा स्वस्त. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. शर्यतींच्या त्या दशकात टायर इतके पातळ झाले की हलका टायर लवकर फाटतो अशीही तक्रार होऊ लागली. रोज कामावर जाणाऱ्याला किंवा रविवारी गावाबाहेर फेरी मारणाऱ्याला असे वाचलेले ग्रॅम जाणवतही नाहीत. त्याने केवळ घडीसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

दर इंचाला किती दोरे, हा आकडा टायरच्या बाजूवर अभिमानाने छापलेला असतो. ३० च्या आसपास म्हणजे साधा, ६० म्हणजे मधला, १२० म्हणजे उंची, अशी सरधोपट समजूत आहे. बारीक दोऱ्यांचा सांगाडा लवचीक असतो, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि पुढे ढकलायला कमी ताकद लागते, हे खरे. पण तीव्र उतारांच्या शर्यतीचे सर्वांत महाग टायर पुष्कळदा ६० दोऱ्यांचे आणि दुहेरी थरांचे असतात, कारण तिथे बाजू चिरू न देणे जास्त मोलाचे. नुसत्या आकड्यावरून टायरची प्रत ठरवणारा म्हणून फसतो.

रबराचे मिश्रण हा सर्वांत खोल फरक. कडक रबर टिकते आणि वेगाने पळते, पण ओल्या दगडावरून घसरते. मऊ रबर दगडाला धरून राहते, पण लवकर झिजते आणि सपाटीवर ओढल्यासारखे वाटते. रबराचा कडकपणा मोजण्याच्या ‘शोअर ए’ मापावर साधे टायर ६० ते ७० च्या घरात असतात, तर मॅक्सिस या ब्रँडचे ‘सुपर टॅकी’ रबर ४२ चे. ही कोंडी फोडण्यासाठी कंपन्यांनी एकाच टायरमध्ये दोन-तीन प्रकारचे रबर वापरले: तळाला कडक, वर मऊ आणि वळणावर टेकणाऱ्या कडेच्या ठोकळ्यांना सर्वांत मऊ. त्याला काम जास्त काटेकोर लागते. ओल्या, निसरड्या वाटेवर महागड्या टायरचे पैसे सर्वांत जास्त वसूल होतात ते इथे.

मग ट्यूब गेली. ट्यूब असताना हवा कमी ठेवली तर रिम आणि दगड यांच्या चिमट्यात ती सापडते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशलाँ या फ्रेंच कंपन्यांनी मिळून ‘यूएसटी’ ही ट्यूबविना चाकाची पद्धत आणली. हवा धरून ठेवायला तिच्या टायरना आतून जादा रबर लागे, त्यामुळे ते जड होत. २००१ पासून स्टॅन कोझियाटेक यांच्या ‘नोट्यूब्ज’ कंपनीने पातळ चिकाचा मार्ग रूढ केला. टायरमध्ये ओतलेला हा चीक बारीक भोके आपोआप बुजवतो. अशा चाकात हवेचा दाब बराच कमी ठेवता येतो आणि टायर जमिनीला घट्ट धरतो. मात्र त्यासाठी टायरची कड रिममध्ये अचूक बसावी लागते. तारेचे स्वस्त टायर बहुतांशी या कामाचे नसतात.

दोन्ही प्रकारचे टायर अनेकदा एकाच घरचे असतात. तैवानमध्ये १९६७ मध्ये स्थापन झालेली चेंग शिन कंपनी सीएसटी नावाने साधे आणि मॅक्सिस नावाने उंची टायर विकते. जर्मनीतील काँटिनेंटल आपले ‘ब्लॅक चिली’ रबराचे टायर कोरबाखला बनवते, तर त्याच नक्षीची साधी आवृत्ती आशियात बनवून घेते. नव्या सायकलीबरोबर येणारे टायरही बहुधा साध्या आवृत्तीचे असतात, जरी बाजूवर नाव प्रसिद्ध टायरचे असले तरी. खरेदी करताना नावाखालची बारीक अक्षरे वाचावी लागतात ती यामुळे.

भारतात जाड, ठोकळेवाल्या टायरची सायकल आली ती ‘रेंजर’च्या रूपाने, आणि तिचे बरेचसे आयुष्य डांबरी रस्त्यावरच गेले. तिथे तारेचा, कडक रबराचा टायर योग्यच होता, आजही आहे. सह्याद्रीत प्रश्न बदलतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर रबराचा मऊपणा लागतो आणि उन्हाळ्यात काळ्या कातळाच्या धारेवर बाजूचा मजबूतपणा. दोन्ही चाकांना सारखाच खर्च करण्याची मात्र गरज नाही. १९९० च्या सुमारास जपानच्या पॅनारेसरने पुढच्या चाकासाठी ‘डार्ट’ आणि मागच्यासाठी ‘स्मोक’ असे वेगळे टायर काढले, तेव्हापासून ही विभागणी रुळली आहे. पुढचा टायर घसरला की स्वार पडतो. मागचा घसरला तर बहुतेक वेळा सावरता येते, पण झिजतो तोच आधी. म्हणून महागडा टायर पुढे आणि साधा मागे, अशी जोडी अनुभवी लोक लावतात. पुढचा अर्धा झिजला की तोच मागच्या रिमवर चढवतात आणि नवा टायर पुढे घेतात.