मरणोत्तर शुद्धीचा ख्रिस्ती विचार आणि महाराष्ट्र

मृत माणसासाठी जिवंतांना काही करता येते काय, हा प्रश्न धर्मांच्या इतिहासात वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे. त्याला होकार दिला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : ते कोणाच्या हातून करावयाचे आणि त्याचे मोल कोणी घ्यावयाचे? श्राद्धपक्षाच्या निमित्ताने हा व्यवहार आपल्या वाचकांना पुरेपूर परिचित आहे. परंतु याच प्रश्नावर सोळाव्या शतकात ख्रिस्ती युरोप दुभंगला आणि ती परस्परविरोधी उत्तरे समुद्रमार्गे आपल्या भूमीत आली, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांच्या सहसा ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव अशा विचाराला सोयीचे आहे. पुणे-सोलापूर महामार्गाला नगर-करमाळ्याकडून येणारा रस्ता येथे मिळतो. उत्तरेस अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणे उभारले. पूर्वेस सोलापूर, तेथे तेच मिशन १८६० च्या दशकात पोहोचले. पश्चिमेस पुणे, तेथे १८८६ पासून कॅथलिक बिशपांचे पीठ आहे. या वाटांवरील महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून एकोणिसाव्या शतकात काही माणसे ख्रिस्ती झाली, आणि १९५६ नंतर तशाच वस्त्यांतून समूहच्या समूह बौद्ध झाले. एका भावकीत एक घर बौद्ध, दुसरे प्रॉटेस्टंट, क्वचित तिसरे कॅथलिक, असे या पट्ट्यात घडणे नवलाचे नाही. मयतीला भावकी एकत्र येते, तेव्हा प्रश्न निघतो : तुमचे पुण्यानुमोदन आणि त्यांची मृतांसाठीची मिस्सा यांत वेगळे ते काय? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र इतिहासात शिरल्यावाचून देता येत नाही.

प्रथम मूळ कल्पना नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. 'पुर्गारे' या लॅटिन धातूचा अर्थ शुद्ध करणे. कॅथलिक मतानुसार शुद्धिस्थान, कोकणीत 'पुर्गातोर', हे स्वर्ग व नरक यांच्या जोडीचे तिसरे अंतिम स्थान नव्हे. तेथे गेलेल्याचा उद्धार ठरलेलाच असतो. मरणानंतर पुन्हा एक संधी मिळते, असेही ते मत नाही. देवाच्या कृपेत मरण पावलेला, परंतु पूर्ण निर्मळ न झालेला आत्मा देवदर्शनापूर्वी ज्या शुद्धीतून जातो, ती ही अवस्था. पापाची क्षमा झाली तरी पापाचा दंड उरतो, आणि तो उरलेला दंड जिवंतांच्या प्रार्थनेने, दानाने व विशेषतः मिस्सेने हलका होतो, असा हा सिद्धांत आहे. याची पिंडदानाशी थेट बरोबरी लावणारे विधान आपल्याकडील व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येते. ते टाळ्या मिळविते. पण शास्त्रशुद्ध नाही.

या मताला ग्रंथाधार कोणता? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी याने रणात पडलेल्या सैनिकांच्या पापासाठी सुमारे २,००० द्राख्मा गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठविल्याची हकिकत आहे. कॅथलिक बायबलात हा ग्रंथ आहे. प्रॉटेस्टंट बायबलात नाही. म्हणजे वादाचा निम्मा भाग कोणता ग्रंथ प्रमाण मानावा येथेच अडतो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. दुसरा आधार पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा. तेथे अग्नीतून पार पडून तरणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो. तो अग्नी मरणानंतरचा की अंतिम न्यायाच्या दिवसाचा, यावर दोन्ही पक्ष आजवर भांडत आले आहेत.

मृतांसाठी प्रार्थना मात्र जुनीच आहे. ३८७ साली ओस्तिया येथे मरण पावलेल्या मोनिकेने, वेदीपाशी आपले स्मरण करावे, एवढेच आपल्या मुलाला सांगितले होते. तो मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका भिक्षूची कथा लिहिली. त्याने मठाचा नियम मोडून तीन सोन्याची नाणी लपविली होती. तो वारल्यावर तीस दिवस मिस्सा करविल्या, तेव्हा त्याची सुटका झाली. अकराव्या शतकात क्लूनीच्या मठाने २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस रूढ केला. तरीही 'पुर्गातोरियुम' हे स्थानवाचक नाम मात्र ११७० ते ११८० च्या सुमारासच प्रथम दिसते, असे फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. प्रार्थना आधी आली, स्थान मागाहून आले, असा याचा अर्थ. कर्म आधी आणि भूगोल नंतर, हा क्रम इतर धर्मांतही तपासून पाहण्यासारखा आहे.

पूर्वेकडील ग्रीक ख्रिस्ती परंपरेने हा भूगोल स्वीकारला नाही. ती मृतांसाठी तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करते, उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ वाटते. पण शुद्ध करणाऱ्या अग्नीचे वेगळे स्थान ती मानीत नाही. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत ऐक्याचा ठराव झाला, तेव्हा एफेससच्या मार्क यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. मृतांसाठी प्रार्थना करणारा प्रत्येक ख्रिस्ती शुद्धिस्थान मानतोच असे नाही, हे यावरून ध्यानी यावे.

खरा उत्पात झाला तो पैशामुळे. १४७६ मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांनी दंडमाफीची पत्रे शुद्धिस्थानातील मृतांसाठीही लागू केली. आपल्या पाठ्यपुस्तकांत यांना 'पापमुक्तिपत्रे' म्हणतात. तत्त्वतः ती पापाची नव्हे, पापाच्या उरलेल्या दंडाची माफी होती; परंतु बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा भेद कोण सांगणार? मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली आपले ९५ सिद्धांत मांडले, तेव्हा त्यांनी शुद्धिस्थान नाकारले नव्हते. आत्म्यांना सोडविण्याचे सामर्थ्य पोपकडे असेल तर तो पैशासाठी नव्हे, निव्वळ करुणेपोटी सर्वांनाच का सोडवीत नाही, ही लोकांची शंका मात्र त्यांनी त्यात नोंदविली. तिचे समाधानकारक उत्तर त्या काळी कोणी दिले नाही. पुढे १५३० मध्ये त्यांनी शुद्धिस्थानाची कल्पनाच त्यागली. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान आहे आणि मिस्सेने तेथील आत्म्यांना साहाय्य होते, एवढे निश्चित करून, अडाणी लोकांपुढे यातील सूक्ष्म प्रश्न काढू नयेत आणि लाजिरवाण्या लाभाचे प्रकार बंद व्हावेत, अशी आज्ञा केली. हा ठराव पुष्कळदा अर्धाच सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध म्हणजे गैरव्यवहाराची अधिकृत कबुलीच होय.

ट्रेंटचे हे मत गोव्यात पोर्तुगीज सत्तेबरोबर रुजले. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा १७३६ चा जाहीरनामा अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील १९६१ च्या ग्रंथामुळे अभ्यासकांना सुपरिचित आहे. जन्म, विवाह आणि मृत्यू यांसंबंधीच्या कितीतरी देशी चाली त्याने नवख्रिस्तींना निषिद्ध ठरविल्या. श्राद्धाची वाट अशी बंद झाली. मृताला विसरा, असे मात्र चर्चने सांगितले नाही. मिस्सा, नोव्हेंबर महिन्यातील प्रार्थना, मृत्युपत्रात मिस्सांसाठी ठेवलेली रक्कम, आणि आत्म्यांच्या नावाने स्थापन झालेल्या कोंफ्रारिया, अर्थात धर्मबंधुसंघ, यांनी ती रिकामी जागा भरली. संघाच्या सदस्याला सन्मानाचे दफन मिळे आणि त्याच्यासाठी मिस्सा होत.

येथे एका गोष्टीपाशी थांबणे भाग आहे. अग्नीतून सर्वांना सारखेच जावयाचे, असे सिद्धांत सांगतो. परंतु गोव्यातील कित्येक गावांत या संघांत प्रवेश जातीवर ठरत असे. बामण व चाड्डी (चार्दो) गांवकऱ्यांचे संघ वेगळे, शूद्रांचे वेगळे, आणि मिरवणुकीत खांद्यावर घ्यावयाच्या वस्त्राचे रंगही वेगळे. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातील एका गावाचा जो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ही रचना आणि तिच्यावरून झालेले तंटे विस्ताराने आले आहेत. मरणोत्तर शुद्धी मान्य झाली, पण मरणापूर्वीची विटाळाची उतरंड कायम राहिली.

देशावर आलेले अमेरिकन मिशनरी या बाबतीत दुसऱ्या टोकाचे होते. ते कॉन्ग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतले. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रानुसार मरणानंतर आत्म्यासाठी दोनच स्थाने आहेत, तिसरे नाही. आणि मृतांसाठी प्रार्थनाही करावयाची नाही. ख्रिस्ताच्या बलिदानाने शुद्धी पूर्ण झालेली असताना तिच्यात भर घालणे म्हणजे ते बलिदान अपुरे ठरविणे, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून नगर-सोलापूरच्या प्रॉटेस्टंट घरात दफनविधीची प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी; गेलेल्यासाठी तीत काही मागितले जात नाही. नगर भागात पुढे अँग्लिकन आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेसुइट आले, आणि एकाच तालुक्यात तीन प्रकारची ख्रिस्ती मयत दिसू लागली. अँग्लिकन पंथाच्या ३९ कलमांपैकी बाविसावे कलम रोमन चर्चच्या शुद्धिस्थानमताला निराधार ठरविते. तरी त्याच पंथातील एक शाखा मृतांसाठी प्रार्थना करते. १९७० मध्ये उत्तर भारतातील संयुक्त चर्च स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन आणि कॉन्ग्रिगेशनल हे दोन्ही प्रवाह त्यात आले.

दलित दृष्टीने पाहता या दुसऱ्या उत्तराचा एक मोठा लाभ मान्य केला पाहिजे. तेराव्याच्या आणि वर्षश्राद्धाच्या खर्चाने कर्जात बुडणाऱ्या माणसाला मध्यस्थ आणि दक्षिणा या दोहोंपासून त्याने मोकळे केले. परंतु ज्याचा बाप आज गेला त्याच्या हाताला काहीही काम ठेवले नाही, हेही तितकेच खरे. दुःखाला कृती लागते. गोव्यातील ख्रिस्ती स्त्री पतीसाठी मिस्सा सांगते तेव्हा ती केवळ भ्रमात असते असे म्हणणे मला अनुदारपणाचे वाटते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाची चिकित्सा केली ती मरणोत्तर सिद्धांतांवरून नव्हे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरातच त्यांनी भारतीय ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्या व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त करूनही, दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावर त्यांनी बोट ठेवले. धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवरील त्यांचे लेखन १९८९ साली शासनाच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्याचाही रोख, धर्मांतराने माणसाची या जगातील अवस्था बदलली काय, यावरच आहे. २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा त्याग आहे, तोही याच रोखाने वाचला पाहिजे.

आता पालि ग्रंथांकडे वळू. संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात असिबन्धकपुत्त भगवंतांना सांगतो की, पश्चिमेकडील ब्राह्मण मृताला वर उचलून स्वर्गी पोहोचवितात. भगवंत त्याला विचारतात : खोल डोहात टाकलेला धोंडा, काठावर जमलेल्या लोकांनी हात जोडून स्तुती केली म्हणून वर येईल काय? मध्यस्थाच्या सामर्थ्याचा असा निकाल त्यांनी लावला. दुसरीकडे खुद्दकपाठातील तिरोकुड्डसुत्त आणि पेतवत्थु यांत मृत नातलगांच्या नावाने दान देण्याची प्रथा येते. हा विरोध थेरवादी आचार्यांना जाणवला होता. मृत येथून दिलेल्या वस्तूंवरच तेथे जगतात, हे राजगिरिक व सिद्धत्थिकांचे मत कथावत्थूच्या सातव्या वर्गात खोडून काढले आहे. पुण्य हस्तांतरित होत नाही. दानाला अनुमोदन देणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तात जी प्रसन्नता उपजते, तेच त्याचे कुशल कर्म. 'पुण्यानुमोदन' या आपल्या शब्दातील 'अनुमोदन' हे या विचाराचे अवशिष्ट चिन्ह आहे.

टेंभुर्णीच्या भावकीत निघणाऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मिस्सेच्या मागे एक टिकून राहणारा आत्मा आहे, त्याच्यावर उरलेला दंड आहे आणि तो कमी करणारे वेदीवरील बलिदान आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्माच नाकारलेला आहे. मग शुद्धी कोणाची आणि दंड कोणाचा? प्रेतयोनीचे जुने वर्णन आजच्या उपासकाने शब्दशः घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी बौद्धाचार्याला दिलेले पाकीट मृताला कोठे तरी पोहोचविते, अशी समजूत काही ठिकाणी मूळ धरू लागली आहे, ती या दृष्टीने तपासली जावी. ख्रिस्ती जगात या वाटेने काय घडले ते वर आलेच आहे.

कॅथलिक विचारही स्थिर राहिलेला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये शुद्धिस्थान हे स्थळ नसून अस्तित्वाची एक अवस्था आहे असे स्पष्ट केले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या परिपत्रकात, तो अग्नी म्हणजे ख्रिस्ताची भेटच होय, असे काही आधुनिक ईश्वरविद्यावेत्त्यांचे मत अनुकूलतेने मांडले. आठ शतकांपूर्वी आकाराला आलेला भूगोल असा पुन्हा विरघळत आहे. मृतांसाठी प्रार्थना मात्र चालूच आहे.

अंगुत्तरनिकायाच्या दशकनिपातात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना हेच विचारतो : आम्ही श्राद्धे करतो, ती मृतांना पोहोचतात काय? नरकात, पशुयोनीत, मनुष्यांत वा देवांत जन्मलेल्याला पोहोचत नाहीत, केवळ प्रेतयोनीत असलेल्याला पोहोचतात, असे उत्तर मिळते. जाणुस्सोणि चिकाटीचा आहे. तो पुढे विचारतो, ज्याच्यासाठी दिले तो आप्त तेथे नसेल तर? तर दुसरे आप्त असतील. आणि कोणीच नसेल तर? इतक्या दीर्घ काळात ते स्थान आप्तांवाचून रिते असणे संभवत नाही, असे सांगून भगवंत देणाऱ्याकडे वळतात : त्याचे दान त्याच्यापुरते तरी निष्फळ जात नाही.